घरची केस घ्यायची का? पगार आणि तासांचा हिशोब आधी असा मांडा

मागच्या आठवड्यात यावलकडची एक पोरगी, नुकतीच जीएनएमचा नर्सिंग कोर्स झालेली, रात्री साडेनऊला फोन करून म्हणाली, ताई भुसावळला घरची केस मिळतेय, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन नर्सिंग, १२ तास, २२ हजार, जेवण फ्री, सकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचंय, आणि इथे हॉस्पिटलवाले १५ च देताय, मग २२ बरे ना? मी म्हटलं थांब, वही-पेन घे, आपण फोनवरच हिशोब करू. त्या रात्री तिच्याशी जे बोलले तेच इथे नीट लिहितेय, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या किती तरी पोरी फक्त महिन्याचा आकडा ऐकून हो म्हणतात आणि दोन महिन्यांत पाठ धरून, झोप मोडून घरी बसतात. मी स्वतः हे भोगलंय.

पहिलं काम, महिन्याचा पगार तासावर आणा

हॉस्पिटलला ८ तासांची शिफ्ट, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २०८ तास. १५,००० भागिले २०८ केलं की तासाला ७२ रुपये येतात. आता घरची केस, १२ तास, २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. २२,००० भागिले ३१२ म्हणजे तासाला साधारण ७० रुपये. म्हणजे जे ७ हजार जास्त वाटत होते ते जास्त नव्हतेच, ती १०४ तास जास्त काम करणार होती त्याचे होते, आणि तेही दोन रुपये कमीच्या भावाने. आणि सुट्टीच नसली, ३० दिवस जायचं असलं, तर ३६० तास होतात आणि भाव येतो ६१ वर. हे ऐकल्यावर ती पोरगी गप्पच झाली.

हे सगळे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका. पण तुलनेला एक आकडा लक्षात असू द्या. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्राने जी समिती नेमली तिने खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सेससाठी शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी बेडच्या छोट्या हॉस्पिटललाही पगार २०,००० च्या खाली नको. ती शिफारस हॉस्पिटलसाठी आहे, कुणाच्या घरच्या केसला लागू होत नाही, आणि आपल्याकडची किती हॉस्पिटलं ती पाळतात ते तुम्ही बघताच. तरी २०,००० ला २०८ ने भागलं की ९६ रुपये तास येतात, आणि शिकलेल्या, रजिस्ट्रेशन असलेल्या नर्सच्या तासाची किंमत कुठे असायला हवी याचा अंदाज येतो. बोलणी करताना हा ९६ मनात ठेवा.

पेशंट काय आहे ते विचारल्याशिवाय आकडा बोलू नका

फोन आला की समोरचा आधी विचारतो, सिस्टर किती घेणार? तिथे आकडा सांगून टाकला की फसलात. आधी तुम्ही विचारा. पेशंटचं वय, वजन, आजार काय, चालतो का, तोंडाने जेवतो का राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली जेवणाची नळी) आहे, कॅथेटर (लघवीची नळी) आहे का, बेडसोर (पडून पडून झालेली जखम) आहे का आणि किती मोठा, गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी पाडलेलं छिद्र) आहे का, ऑक्सिजन लागतो का, रात्री किती वेळा उठतो, डोकं ठिकाणावर आहे का मारतो-ओरडतो, आणि उचलायला घरात दुसरं कोणी आहे का. डिस्चार्ज कार्डचा फोटो मागवा. द्यायला नकार दिला तर त्यातूनच पुष्कळ कळतं.

माझ्या डोक्यात तीन थर आहेत. हलकी केस म्हणजे गोळ्या, बीपी, शुगर, इन्सुलिन, हात धरून फिरवणं. मधली म्हणजे पडून असलेला पेशंट, ट्यूब, कॅथेटर, डायपर, ड्रेसिंग. जड म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीचं सक्शन (मशीनने कफ ओढणं), बायपॅप (मास्कमधून श्वास देणारं मशीन), घरचा व्हेंटिलेटर. पहिल्या थराचे पैसे घेऊन तिसऱ्या थराचं काम करू नका. माझ्या बरोबरच्या एका सिस्टरला "फक्त आजींना बघायचंय" सांगून बोलावलं होतं, जाऊन बघते तर कमरेखाली तळहाताएवढा बेडसोर, हाड दिसायच्या बेतात, रोजचं ड्रेसिंगच पाऊण तासाचं.

राईल्स ट्यूबचं फीड हे घरच्यांना दहा मिनिटांचं काम वाटतं. पण डोक्याकडची बाजू उंच करायची, ट्यूब जागेवर आहे का बघायचं, हळूहळू सोडायचं, पाणी घालून ट्यूब धुवायची आणि मग निदान अर्धा तास पेशंटला तसंच उंच ठेवायचं नाहीतर अन्न श्वासनळीत जायची भीती. म्हणजे एक फीड पाऊण तासाचं, आणि दिवसात सहा असली तर साडेचार तास त्यातच गेले. पडून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची ती वेगळी. कोणी म्हणालं "तिथे काय, बसूनच तर राहायचंय" तर हाच हिशोब शांतपणे सांगा, भांडायचं नाही, फक्त सांगायचं.

रात्रीची झोप आणि २४ तासांची केस

इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. २४ तासांच्या केसला ३०,००० ऐकले की घरचे सुद्धा म्हणतात जा, राहणं-खाणं सुटलं. पण ३० दिवस गुणिले २४ म्हणजे ७२० तास, तासाला साधारण ४२ रुपये. नर्स पुरवणारे ब्युरोवाले म्हणतात रात्री तर झोपायचंच असतं ना सिस्टर. ठीक आहे, खरंच ७ तास सलग झोप मिळाली तर कामाचे तास १७ धरा, महिन्याचे ५१०, भाव साधारण ५९. पण मिळते का सलग झोप?

मी एका घरी २४ तासांची केस केली होती. लकव्याचा झटका आलेले आजोबा, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, उजवी बाजू गेलेली, ट्यूब आणि कॅथेटर दोन्ही. माझं अंथरूण त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर. पहिल्याच आठवड्यात मी एका शंभर पानी वहीत रात्र लिहायला सुरुवात केली, अगदी घड्याळ बघून. एका रात्रीचं पान अजून आठवतं, १०.०० फीड, १२.१५ कूस, १.४० खोकला आला, उठवून बसवलं, तोंड साफ केलं, २.२० कूस, ३.३० डायपर आणि चादर, ४.३० कूस, ६.०० फीड. दोन नोंदींच्या मध्ये डोळा लागला न लागला. सगळी झोप मिळून चार तास नव्हती, आणि तीही तुकड्यांची. चार तास धरले तरी कामाचे २० होतात, महिन्याचे ६००, भाव ५० रुपये.

आठव्या दिवशी ती वही मी अप्पांच्या मुलापुढे ठेवली. काही बोलले नाही. त्याने चार पानं उलटली, बायकोला हाक मारून तिला दाखवली, आणि म्हणाला ताई आम्हाला वाटायचं तुम्ही झोपता. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी १ ते ५ साठी गल्लीतल्या एक मावशी लावल्या आणि मला तेवढा वेळ वरच्या खोलीत दार लावून झोपता आलं. पगार थोडाच वाढला, पण ते चार तास मला पगाराइतकेच मोलाचे होते. वहीच नसती तर माझं बोलणं नुसतं रडगाणं वाटलं असतं.

म्हणून २४ तासांची केस घेतलीच तर तीन गोष्टी आधी पक्क्या करा. दिवसात सलग चार-पाच तासांची मोकळीक आणि त्या वेळी पेशंटजवळ कोण बसणार त्याचं नाव, झोपायला वेगळी जागा आणि दाराला आतून कडी, आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी किंवा महिन्यात चार एकदम. दर दोन तासांनी उठावं लागणारा पेशंट असेल तर एकटीने २४ तास करूच नका, दोघी मिळून १२-१२ करा. अशा झोपेत इन्सुलिनचे ४ युनिट आणि १४ युनिट यातला फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि चूक झाली तर ती तुमच्या नावावर लागणार.

जाण्या-येण्याचे तास आणि पैसे

त्या यावलच्या पोरीला रोज भुसावळ करायचं होतं. समजा जाऊन-येऊन दीड तास आणि ७० रुपये. महिन्याला ३९ तास आणि १,८२० रुपये. २२,००० मधून ते वजा केले की २०,१८०, आणि तास झाले ३५१. भाव आला ५७. मघाशी ७० होता. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे त्यामुळे लालपरीने गेलं तर खर्च कमी, पण रात्री आठला ड्युटी सुटली आणि शेवटची गाडी निघून गेली असली की काळीपिवळीत पूर्ण पैसे, आणि तीही भरल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे ड्युटीची वेळ ठरवताना आधी बसचं आणि ट्रेनचं टाइमटेबल बघा. ८ ते ८ च्या जागी ७ ते ७ मागितली तर बहुतेक घरं ऐकतात, त्यांना काही फरक पडत नाही, तुम्हाला मात्र उजेडात घर गाठता येतं. रेल्वेलाइनवर असाल तर महिन्याचा पास काढा.

खेड्यातली केस असेल तर लाइटीचं आवर्जून विचारा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन, एअर बेड सगळं लाइटीवर चालतं, आणि लाइट गेली की इन्व्हर्टर किती वेळ पुरतो, भरलेलं सिलिंडर घरात आहे का हे पहिल्या दिवशीच बघून घ्या. आणि आपल्याकडचा मे महिना! पारा ४५ च्या पुढे, पेशंटला सर्दी म्हणून कूलर बंद, पत्र्याची खोली, त्यात १२ तास. शक्य असेल तर जागा स्वतः बघूनच हो म्हणा.

ब्युरो मधे असेल तर

ब्युरोमार्फत काम लवकर मिळतं, एक केस संपली की दुसरी देतात, हा फायदा खरा आहे. पण घरचे ब्युरोला किती देतात आणि तुमच्या हातात किती येतात हे सरळ विचारा. कमिशन पहिल्या महिन्याचंच आहे की दर महिन्याचं, हे विचारा. मला एका ब्युरोने सांगितलं होतं पहिल्या महिन्याचं, आणि कापत राहिले पाच महिने, लेखी काही नव्हतं म्हणून मला बोलता आलं नाही. नावही लिहीत नाही, पण तेव्हापासून मी व्हॉट्सॲपवर लिहून घेतल्याशिवाय पाय उचलत नाही.

ओरिजिनल सर्टिफिकेट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं ओरिजिनल रजिस्ट्रेशन कुणालाही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या, त्यावर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. डिपॉझिट मागत असतील तर सोडून द्या. रजिस्ट्रेशनचं दर ५ वर्षांचं रिन्यूअल मात्र वेळेवर करा, तुमच्या भावाचा खरा आधार तोच आहे, केअरटेकर आणि नर्स यातला फरक त्या कागदावरच दिसतो.

ब्युरो मोठा असेल, पगार तोच देत असेल, तर पीएफ आणि ईएसआयचं (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) विचारा. २० किंवा जास्त कर्मचारी असले की पीएफ लागतो, १० किंवा जास्त असले की ईएसआय, आणि ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० आहे. घरच्यांनी थेट ठेवलं तर यातलं काहीच नाही. मग निदान बँकेतून सरकारी विमे घ्या, अपघाताचा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आणि आयुर्विम्याचा ४३६ रुपयांत २ लाखांचा.

पगार कधी, सुट्टी किती, आणि केस बंद झाली तर

आपल्याकडे पुष्कळ घरं शेतीवरची. रावेर-यावल पट्ट्यात ऐकायला मिळतं "सिस्टर, केळी कटली की देतो", दुसरीकडे "कापूस विकला की". माणसं खोटी नसतात, त्यांच्याकडे पैसा खरंच तेव्हाच येतो, पण तुमचं भाडं आणि पोरांची फी थांबत नाही. म्हणून दर आठवड्याला किंवा दर १५ दिवसांनी घ्यायचं ठरवा. कामाला लागताना ७ दिवसांचे पैसे ॲडव्हान्स मागायलाही लाजू नका.

पेशंट ॲडमिट झाला तर काय? तुम्ही हॉस्पिटलला त्याच्याजवळ बसणार की घरी, आणि घरी बसलात तर पैसे मिळणार का? पेशंट गेला तर त्या दिवसापर्यंतचे की पंधरवड्याचे? हे विचारायला जड जातं, मला माहितीय. पण ज्या घरात दुःख झालंय तिथे तेराव्याच्या आधी पैसे मागायला जाणं त्याहून जड जातं. आधी बोललेलं असलं की दोघांचीही अवघड वेळ टळते.

आणि वर्षाचा हिशोब करा, नुसता महिन्याचा नाही. दोन केसच्या मधे रिकामे दिवस जातातच. वर्षात १० महिने काम मिळालं तर २२,००० चे सरासरी १८,३३३ होतात. हॉस्पिटलचे १५ बाराही महिने येतात. सुट्ट्यांमध्ये आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई (आपल्याकडचा श्रावणातला सण) आधीच लिहून घ्या. आखाजीला लेकी माहेरी जातात, त्या दोन दिवसांसाठी बदली सिस्टर कोण हे मार्चमध्येच ठरवलं तर ऐनवेळी तोंड वाकडं होत नाही.

कामाची हद्द

"सिस्टर, तेवढी चार भांडी" इथून सुरू होतं, मग सगळ्यांच्या पोळ्या. पेशंटचं जेवण, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली, इथपर्यंत आपलं. त्यापुढचं नाही. माणसं चांगली असतात, एका घरी म्हातारी आजी मला ताट वाढल्याशिवाय पेशंटच्या खोलीत जाऊ द्यायची नाही, म्हणायची "पोरी, पहिले जेवी ले". अशा घरी आपण आपणहून मदत करतोच. पण ती मदत राहू द्या, ड्युटीत धरू देऊ नका. इंजेक्शन, सलाईन डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय नाही, फोनवर सांगितलं तर म्हणा डॉक्टरसाहेब, व्हॉट्सॲपवर टाका.

हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेले असू द्या. ग्लोव्हज आणि डायपरचा खर्च घरच्यांचा. वापरलेली सुई टोचली तर लगेच साबण-पाण्याने धुवा आणि सरकारी हॉस्पिटल गाठा, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं.

कुणी वाईट वागलं, हात लावला, तर पगार बुडेल म्हणून गप्प बसू नका. २०१३ च्या कायद्यात कामाचं घर हेही कामाचं ठिकाण धरलेलं आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे ३ महिन्यांच्या आत तक्रार देता येते. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. पहिल्या दिवशी घराचं लोकेशन घरी कुणालातरी पाठवून ठेवा.

लिहून कसं घ्यायचं

करारपत्र म्हटलं की घरचे बिचकतात. त्यापेक्षा असा मेसेज टाका आणि "ओके" लिहून मागा:

"नमस्कार भाऊ, बोलल्याप्रमाणे, आईंची दिवसाची ड्युटी सकाळी ७ ते संध्याकाळी ७, आठवड्याला रविवार सुट्टी. कामात ट्यूब फीड, औषधं, शुगर, कूस बदलणं, स्पंज, डायपर, ड्रेसिंग. महिन्याचे इतके रुपये, दर १५ दिवसांनी. ७ नंतर थांबले तर तासाला इतके जादा. आई ॲडमिट झाल्या तर पहिले ३ दिवस अर्धा पगार. काम बंद करायचं असेल तर दोघांनीही ७ दिवस आधी सांगायचं. पहिले ३ दिवस बघण्याचे, त्याचे पैसे रोजाने. बरोबर आहे ना?"

"७ नंतर थांबले तर" हे वाक्य अजिबात गाळू नका. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीची सिस्टर, उशिरा येते, सूनबाई बाजारातून येत नाही, आणि पेशंटला एकटं टाकून आपल्याला निघता येत नाही. रोजची ४० मिनिटं म्हणजे २६ दिवसांत १७ तासांच्या वर, दीड ड्युटी फुकट. वहीत येण्या-जाण्याची वेळ रोज लिहा आणि आठवड्याला घरच्यांची सही घ्या.

तीन महिने झाले की वाढ मागा, पण वही घेऊन. आलो तेव्हा बेडसोर केवढा होता आणि आता केवढा, शुगर किती होती आणि आता किती, असं दाखवून मागितलं की देतात. पेशंटची तब्येत बिघडून काम वाढलं, ट्यूब नव्हती ती बसली, तर तीन महिने थांबायचंही नाही, त्याच दिवशी नवीन बोलणं करायचं.

त्या यावलच्या पोरीने दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळला फोन करून आधी डिस्चार्ज कार्ड मागवलं. मधली केस निघाली, ट्यूब आणि कॅथेटर. तिने ७ ते ७ मागितले, रविवार सुट्टी आणि २७,००० सांगितले, ते २२ वर अडले, शेवटी २५ आणि वरून बसभाडं यावर जमलं. म्हणजे २५,००० भागिले ३५१, येण्या-जाण्याचे तास धरूनही ७१ रुपये, हॉस्पिटलच्या जवळपास. सोमवारपासून लागलीये. वही पहिल्याच दिवशी घेऊन गेली.